परताव्याचा पैसा : जाण्यास क्षण, येण्यास आठवडा

पैसा देणे आणि दिलेला पैसा परत घेणे ह्या दोन्ही क्रिया एके काळी एकाच गल्ल्यापाशी होत असत. लुगड्याचा रंग उठला, बियाण्याची पिशवी जास्तीची झाली किंवा तोच जिन्नस वहीत दोनदा लिहिला गेला, तर गिऱ्हाईक दुकानाची पायरी पुन्हा चढे, दुकानदार वही उघडून पाही आणि तेवढी रक्कम त्याच्या हातावर ठेवी. दोघेही एकमेकांस ओळखत. पैसा कोठे आहे हे दोघांनाही डोळ्यांना दिसत असे. कार्डाने आणि पेमेंट गेटवेने ह्या व्यवहाराचा पहिला अर्धा भाग विलक्षण सोपा केला. दुसरा अर्धा भाग, म्हणजे परतावा, अद्याप सामान्य माणसाच्या आकलनाबाहेर राहिला आहे. पैसा जाण्यास एक क्षण पुरतो. येण्यास आठवडा लागतो, आणि तो कोठे अडला आहे हे सांगणारा मनुष्य सापडत नाही. ज्याच्या खात्यात मुळातच थोडे आहे, त्याच्या दृष्टीने हा न्यायाचा प्रश्न आहे, आणि त्याची चर्चा त्याच दृष्टीने व्हावयास हवी.

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुका हा कापूस, तूर, हरभरा पिकविणारा मुलूख. येथील व्यवहार वर्षानुवर्षे रोखीने किंवा हंगामाच्या उधारीवर चालत आले. आज परिस्थिती पालटली आहे. परीक्षेचे शुल्क, विजेचे देयक, स्पर्धा परीक्षेचा अर्ज, रेल्वेचे तिकीट ह्या सर्वांचा भरणा मोबाइलवरून होतो. मुंबईची गाडी धरावयाची तर तेल्हाऱ्याच्या माणसाला शेगाव किंवा अकोला गाठावे लागते. तिकीट मात्र घरबसल्या निघते. ही सोय मोठी आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ज्या दिवशी खात्यातून पैसे वजा होतात आणि पडद्यावर ‘व्यवहार अयशस्वी’ अशी अक्षरे उमटतात, त्या दिवशी ही सोय एकाएकी परकी होते. पुण्या-मुंबईच्या नोकरदाराला पाच-सातशे रुपये आठवडाभर अडकल्याचे भान राहत नसेल. दानापूर किंवा हिवरखेडच्या विद्यार्थ्याला अर्जाच्या शेवटच्या तारखेला तीच रक्कम दुसऱ्यांदा उभी करावयाची असते, आणि ती बहुधा उसनी घ्यावी लागते.

पैसा कोठे असतो?

परताव्याविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ एकच आहे. कार्डाने दिलेला पैसा तत्क्षणी दुकानदाराच्या हाती पडला असे गिऱ्हाईक समजते. वस्तुतः तसे घडत नाही. कार्डाचा संदेश प्रथम गेटवेकडे जातो. गेटवे म्हणजे संदेश वाहून नेणारी तांत्रिक वाट. अनेक व्यापाऱ्यांच्या वतीने पैसे स्वीकारून नंतर ते ज्याचे त्याला पोचविणारी संस्था म्हणजे पेमेंट ॲग्रिगेटर. तिच्या मागे व्यापाऱ्याच्या बाजूची बँक, त्यापुढे रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्ड ह्यांपैकी एखादे जाळे, आणि शेवटी गिऱ्हाइकाला कार्ड देणारी बँक. क्षणार्धात जे होते ते ह्या साखळीतून आलेल्या होकाराचे काम. प्रत्यक्ष पैशाची देवघेव दिवसाच्या हिशेबाने नंतर होते. मधल्या काळात ही रक्कम ॲग्रिगेटरने बँकेत ठेवलेल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे त्रयस्थ स्वरूपाच्या राखीव खात्यात, पडून असते. व्यापाऱ्याच्या खात्यात ती करारानुसार एक-दोन दिवसांनी किंवा त्याहून उशिरा पोचते.

परतावा ह्याच घरांमधून उलट्या दिशेने निघतो. व्यापारी आपल्या संगणकावर तो व्यवहार त्याच्या क्रमांकावरून शोधतो, पूर्ण किंवा अंशतः रक्कम परत करण्याची आज्ञा देतो. ॲग्रिगेटर ती रक्कम त्या व्यापाऱ्याच्या येणे बाकीतून वजा करतो. नंतर ती आज्ञा त्याची बँक, जाळे आणि गिऱ्हाइकाची बँक असा प्रवास करते. पैसे जाताना सर्वजण तत्पर असतात, कारण होकार आल्याखेरीज माल सुटत नाही. परत येताना ही तत्परता राहत नाही. प्रत्येक घर आपापल्या दिवसाच्या हिशेबात ती नोंद बसविते. त्यातच व्यापाऱ्याची येणे बाकी त्या दिवशी अपुरी असेल तर परतावा तेथेच थांबतो. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

येथे एक भेद जाणत्या दुकानदारालाही ठाऊक असत नाही. दुकानातल्या यंत्रावर चुकून जास्त रक्कम टाकली गेली आणि ती चूक त्याच दिवशी, दिवसाचा हिशेब बँकेकडे जाण्यापूर्वी, ध्यानात आली, तर तो व्यवहार परत करण्याऐवजी रद्द करता येतो. रद्द केलेल्या व्यवहाराला उलटा प्रवास करावा लागत नाही, कारण मूळ प्रवासच अर्ध्यावर थांबविलेला असतो. पाच मिनिटांची दक्षता घेतली तर गिऱ्हाइकाचे कित्येक दिवस वाचतात.

दोन निरनिराळी प्रकरणे

अडकलेल्या पैशाची प्रकरणे दोन जातींची असतात, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच अर्जदार ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर हिंडत राहतो.

पहिल्या जातीत खात्यातून पैसे वजा झालेले असतात, पण त्याची पोच व्यापाऱ्याकडे आलेलीच नसते. मध्येच संपर्क तुटला, वेळ संपली, यंत्रणा बंद पडली. येथे व्यापाऱ्याच्या दप्तरात हा व्यवहार झालेलाच नाही. मग तो परत काय करणार? ह्या प्रकरणांसाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी परिपत्रक काढले आणि ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून अमलात आले. कार्डाने दुकानात किंवा ऑनलाइन केलेल्या अशा व्यवहाराची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत जमा झाली पाहिजे. न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावयाची. यूपीआयने व्यापाऱ्याला दिलेल्या पैशालाही हीच पाच दिवसांची मुदत आहे. ह्यातील दिवस हे कॅलेंडरचे दिवस होत. सुट्ट्यांची सबब त्यात चालत नाही. सर्वांत महत्त्वाचे कलम असे की, ही भरपाई ग्राहकाने तक्रार किंवा मागणी करण्याची वाट न पाहता, होऊन त्याच्या खात्यात जमा करावयाची आहे. संपर्काची साधने बंद पडणे हे कारण त्या परिपत्रकाने अयशस्वी व्यवहाराच्या व्याख्येतच घातले आहे. सातपुड्याच्या कुशीतील एखाद्या गावी ऐन वेळी नेटवर्क गेले, तर तो ग्राहकाचा दोष नव्हे, हे नियमानेच मान्य केलेले आहे.

दुसऱ्या जातीत व्यवहार पुरा झालेला असतो. माल परत केला, वर्ग रद्द झाला, किंवा अयशस्वी समजून दुसऱ्यांदा भरलेले शुल्क आणि पहिले शुल्क अशी दोन्ही अखेर जमा झाली. येथे आपोआप काहीही होत नाही. व्यापाऱ्याने, किंवा व्यापाऱ्याच्या जागी असलेल्या महाविद्यालयाने अथवा कार्यालयाने, परताव्याची आज्ञा दिली तरच पैसा हलतो. बँकेत जाऊन भांडण्यात येथे अर्थ नाही. बँकेच्या दृष्टीने तो व्यवहार बिनचूक आहे.

ह्या दुसऱ्या जातीविषयी नियम अगदीच नाहीत असे नाही. पेमेंट ॲग्रिगेटरांसाठी रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ग्राहकाने स्पष्टपणे दुसरा मार्ग मान्य केला नसेल तर परतावा मूळ ज्या साधनाने पैसा आला त्याच साधनावर गेला पाहिजे, व्यापाऱ्याच्या संकेतस्थळावर माल परत घेण्याची व परताव्याची मुदत स्पष्ट लिहिलेली असली पाहिजे, आणि तक्रारींसाठी ॲग्रिगेटरने जबाबदार अधिकारी नेमला पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. ऑनलाइन विक्रीला लागू असलेले ग्राहक संरक्षणाचे २०२० चे नियमही मान्य झालेला परतावा वाजवी मुदतीत देण्यास बजावतात. परंतु अयशस्वी व्यवहाराच्या बाबतीत पाच दिवस आणि दरदिवशी १०० रुपये असा जो रोखठोक आकडा आहे, तसा आकडा व्यापाऱ्याने अडवून धरलेल्या परताव्याला नाही. ‘वाजवी मुदत’ हा शब्द बलवानाच्या हाती सैल पडतो, हा जगाचा अनुभव आहे. मूळ उणीव आहे ती येथे.

टाळेबंदीने शिकविलेला धडा

परतावा नीट दिला जाऊ शकतो की नाही, ह्याची मोठी परीक्षा २०२० मध्ये झाली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये रेल्वेने प्रवासी गाड्या रद्द केल्या, तेव्हा ई-तिकीटधारकांनी तिकीट स्वतः रद्द करू नये, पूर्ण रक्कम त्यांच्या खात्यात आपोआप जमा होईल, असे जाहीर करण्यात आले. ज्याने खिडकीवर रोख पैसे देऊन तिकीट काढले होते त्याला मात्र पुन्हा खिडकीकडेच जावे लागणार होते. विमान कंपन्यांच्या बाबतीत चित्र निराळे होते. त्यांतील अनेकींनी रोख परताव्याऐवजी भावी प्रवासासाठी तेवढी रक्कम आपल्याकडेच राखून ठेवण्याचा मार्ग धरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ ऑक्टोबर २०२० रोजीच्या निकालाने परताव्याची चौकट ठरवून दिली गेली.

ह्या दोन उदाहरणांवरून जो बोध घ्यावयाचा तो स्पष्ट आहे. यंत्रणा तीच, कार्डे तीच, जाळे तेच. आपण होऊन द्यावयाचे ठरले तेथे आज्ञा एका जागेवरून निघाली. ठेवून घ्यावयाचे ठरले तेथे न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. सबब, परताव्याच्या विलंबाचा सारा दोष यंत्राच्या माथी मारण्याची सवय सोडून दिली पाहिजे. यंत्राला लागतात ते काही दिवस. उरलेला काळ माणसांचा असतो.

व्यापाऱ्याची बाजू

तथापि, व्यापाऱ्याला सरसकट आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होईल. तालुक्याच्या गावातील कापड दुकानदार किंवा कृषी केंद्राचा चालक हा काही मोठी कंपनी नव्हे. त्याच्याकडे परताव्यासाठी वेगळा कारकून नसतो. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय ह्यांवर १ जानेवारी २०२० पासून त्याला शुल्क द्यावे लागत नसले, तरी इतर कार्डांवर ते द्यावे लागते, आणि परतावा दिला तरी ते शुल्क बहुधा परत मिळत नाही. म्हणजे विक्रीही गेली आणि वर पदरचेही गेले. शिवाय वस्तू-सेवाकराच्या हिशेबात जमापत्र काढून कराचा मेळ घालण्याचे काम वाढते ते निराळेच.

अशा वेळी पुष्कळ दुकानदारांना सोपी वाट सुचते ती रोख पैसे हातावर ठेवण्याची. गिऱ्हाईकही खूश होते. परंतु ही वाट दोघांनाही घातक आहे. कार्डाच्या व्यवहाराची दप्तरातील नोंद तशीच राहते, आणि पुढे त्याच गिऱ्हाइकाने, किंवा कार्ड चोरीचे असेल तर त्याच्या खऱ्या मालकाने, बँकेकडे हरकत घेतली, तर ‘चार्जबॅक’ ह्या नावाने तीच रक्कम व्यापाऱ्याकडून पुन्हा वसूल होऊ शकते. तेल गेले, तूपही गेले अशी त्याची गत होते. शेतकऱ्याचे नुकसान आणखी निराळे. किसान क्रेडिट कार्डाच्या खात्यातून बियाण्याचे पैसे दिले आणि पाऊस लांबल्याने न फोडलेल्या पिशव्या परत केल्या, तर ती रक्कम त्याच खात्यात जाणे त्याच्या हिताचे आहे; कारण रोख हाती आली की ती खर्चून जाते आणि कर्जखात्यावरचे व्याज चालूच राहते. मूळ साधनावरच परतावा द्यावा ह्या नियमामागचा व्यावहारिक शहाणपणा हा असा आहे.

व्यापाऱ्याने ह्या कामी फार मोठे काही करावयाचे नाही. परतावा मान्य केला त्याच दिवशी आज्ञा द्यावी. व्यवहाराचा क्रमांक पाहून द्यावी. कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवून ठेवण्याची तर १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन व्यापाऱ्यांना मनाईच आहे, आणि परताव्याला त्याची गरजही नसते. आज्ञेनंतर जो संदर्भ क्रमांक मिळतो तो तारखेसह गिऱ्हाइकाला लेखी कळवावा. व्हिसा, मास्टरकार्डसारख्या जाळ्यांत हा क्रमांक २३ अंकी असतो आणि त्याच्या आधारे कार्ड देणाऱ्या बँकेला पैशाचा माग काढता येतो. ‘आम्ही केव्हाच पाठविले, तुमच्या बँकेला विचारा’ हे उत्तर संदर्भ क्रमांकाशिवाय दिले गेले, तर ते उत्तर नव्हे, टोलवाटोलवी होय.

वऱ्हाडच्या कापूस-बाजाराने हुंडीचा काळ पाहिलेला आहे. हुंडी वाटेत गहाळ झाली तर ‘पेठ’, तीही हरवली तर ‘परपेठ’ लिहून देण्याची रीत सावकारीत होती, आणि चुकती झालेली हुंडी ‘खोका’ म्हणून जपून ठेवली जाई. पैसा डोळ्यांआड प्रवास करीत असेल तर त्याची खूण दोन्ही टोकांना राहिली पाहिजे, हे त्या पेढ्यांना कोणत्याही परिपत्रकावाचून कळत होते. आजचा संदर्भ क्रमांक ही तीच खूण आहे. ती देण्याची रीत मात्र बाजाराने अजून अंगी बाणविलेली नाही.

कार्यालये आणि महाविद्यालये

व्यापाऱ्याला जे लागू तेच शुल्क स्वीकारणाऱ्या संस्थांना अधिक कडकपणे लागू व्हावयास हवे. दुकान पसंत नसेल तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाईल. विद्यार्थ्याला दुसरे विद्यापीठ आणि नागरिकाला दुसरी नगरपरिषद उपलब्ध नसते. एकाच अर्जाच्या क्रमांकावर दोनदा शुल्क जमा झाले आहे, हे ओळखण्यासाठी विद्यार्थ्याच्या अर्जाची, त्यासोबत पासबुकाच्या छायाप्रतीची आणि प्राचार्यांच्या शिफारशीची आवश्यकता का असावी? रोजच्या जमेचा मेळ घालताना तो दुहेरी भरणा संगणकालाच दिसतो. तो दिसताच परताव्याची आज्ञा निघाली पाहिजे. शेवटच्या तारखेला पैसे वजा होऊनही पोच न मिळालेल्या विद्यार्थ्याचा अर्ज विलंब शुल्काशिवाय ग्राह्य धरला पाहिजे. ज्या चुकीचे खापर नियमानेच ग्राहकावर फोडलेले नाही, तिचा दंड विद्यार्थ्याकडून घेणे कोणत्या न्यायात बसते?

बँकांच्या शाखांनीही आपली भूमिका तपासावी. पाच दिवसांनंतरची भरपाई मागितल्याविना द्यावयाची असताना ती किती खात्यांत जमा केली, ह्याचा तक्ता शाखेच्या फलकावर लावण्यास हरकत नसावी. शाखेने दाद दिली नाही किंवा ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. पूर्वीच्या तीन निरनिराळ्या लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ रोजी एकत्र करण्यात आल्या, त्यामुळे आपली तक्रार नेमक्या कोणत्या लोकपालाची हा घोळही उरलेला नाही. माल किंवा सेवेच्या वादासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. हे दोन पत्ते प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर का असू नयेत?

ह्याच ठिकाणी एका धोक्याचा उल्लेख आवश्यक आहे. अडकलेल्या पैशाने हवालदिल झालेला मनुष्य हे भामट्यांचे सोपे सावज. ‘परतावा मंजूर झाला आहे, एवढा क्यूआर कोड स्कॅन करा, आलेला ओटीपी सांगा’ असा फोन येतो आणि उरलेली शिल्लकही जाते. परतावा ज्या वाटेने येतो ती वाट एकदा समजली तर हा डाव फसतो. परतावा हा मूळ व्यवहाराच्या क्रमांकावरून, व्यापाऱ्याच्या आज्ञेने येतो. पैसा घेणाऱ्याला पिन, ओटीपी किंवा स्कॅन ह्यांपैकी कशाचीही गरज पडत नाही. फसवणूक झालीच तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळविणे, एवढे तरी प्रत्येक शिक्षकाने वर्गात सांगावे.

काय व्हावयास हवे?

मागणी मोठी नाही. अयशस्वी व्यवहाराला जी मुदत आणि जी भरपाई लागू आहे, तशीच निश्चित मुदत व्यापाऱ्याने मान्य केलेल्या परताव्यालाही लागू व्हावी. मान्यतेनंतर दोन कामकाजाच्या दिवसांत आज्ञा, आज्ञेसोबत संदर्भ क्रमांक आणि त्यानंतर विलंब झाल्यास दरदिवशी भरपाई, असे तिचे स्वरूप असावे. ही भरपाई ज्या घरी पैसा अडला त्या घराने द्यावी. ॲग्रिगेटरच्या किंवा बँकेच्या दिरंगाईचा भुर्दंड लहान दुकानदारावर पडू नये. अशा नियमाने लहान व्यापारी कार्डापासून दूर पळतील, ही भीती मग निराधार ठरते. उलट परतावा खात्रीने मिळतो हे कळल्यावर गिऱ्हाईक कार्ड पुढे करण्यास कचरणार नाही, आणि त्यात व्यापाऱ्याचाही लाभ आहे.

रोखीचा व्यवहार सोडून कार्डाकडे या, असे सरकार, बँका आणि व्यापारी ह्या तिघांनीही जनतेला वारंवार सांगितले. जनतेने ते ऐकले. तेल्हाऱ्यासारख्या गावातील शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी ह्यांनी न दिसणाऱ्या यंत्रणेवर विश्वास ठेवून आपल्या खात्याची किल्ली तिच्या हाती दिली. पैसा घेताना जी तत्परता दाखविली जाते तीच परत करताना दाखविणे, हे त्या विश्वासाचे देणे आहे. ते देणे थकविण्याचा अधिकार कोणालाही नाही.